वस्ती, शहर आणि कॅमेरा

आमच्या घरात माझ्या वडिलांचा एकच फोटो आहे आणि तो त्यांच्या ओळखपत्रावरचा आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने माणूस ओळखावा, हजेरीच्या वेळी नाव आणि तोंड ताडून पाहता यावे, एवढ्याच कामासाठी तो काढलेला होता. वडील गेल्यावर थोरल्या भावाने तो स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. स्टुडिओवाल्याने न सांगताच अंगावरचा खाकी सदरा पुसून टाकला आणि त्या जागी कोट-टाय चढवला. आयुष्यात कधी कोट न घातलेले माझे वडील आता बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींशेजारी कोट घालून बसले आहेत. आईला तो फोटो फार आवडे. मला मात्र तो पाहताना एक गोष्ट नेहमी टोचत आली. ज्या यंत्रणेने वडिलांना आयुष्यभर राबवले, तिनेच त्यांचा चेहरा आमच्यासाठी राखून ठेवला. आम्हांला स्वतः त्यांचे एकही चित्र काढता आले नाही.

हे माझ्या एकट्याच्या घरचे दुःख नव्हे. वाचकांनी आपापल्या घरातल्या भिंती आठवून पाहाव्यात. म्हणूनच आज आपल्या वस्त्यांतली मुले-मुली हातात कॅमेरा घेऊन शहर टिपू लागली आहेत, ही गोष्ट मला केवळ हौसेची वाटत नाही. ती सांस्कृतिक घटना आहे, आणि सांस्कृतिक घटना म्हटली की तिची समीक्षा करणे भाग आहे. नुसते कौतुक करून आपण ह्या मुलांवर अन्यायच करू.

आपल्या समाजाचे फोटो निघाले नाहीत असे नाही. ते पुष्कळ निघाले. परंतु ते काढण्यामागचे हेतू दुसऱ्यांचे होते. १८६८ ते १८७५ ह्या काळात ब्रिटिश सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ ह्या नावाने आठ खंड प्रसिद्ध केले. जे. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्यांचे संपादक. ह्या खंडांत माणसे जातींचे आणि जमातींचे नमुने म्हणून येतात. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा नीट ओळखून घ्यायची होती आणि कॅमेरा त्यासाठी सोयीचा होता. म्हणजे ह्या देशात जातीचा आणि कॅमेऱ्याचा संबंध जवळजवळ आरंभापासूनचा आहे.

पुढे वृत्तपत्रे आली. त्यांना आपण दिसलो ते दंगलीत, पुरात आणि गोळीबारात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहा माणसे गेली, तेव्हा त्या वस्तीकडे कॅमेरे धावले. त्याच्या आदल्या दिवशी तिथे पोरे शाळेत गेली असतील, बायांनी नळावर पाणी भरले असेल, कोणाच्या घरी साखरपुडा ठरला असेल. ते टिपावे असे कोणाला वाटले नाही. आणि तिसरे आले ते कलावंत. त्यांना आपल्या पत्र्यांवरचा गंज, गटारावर पडलेले ऊन आणि नागड्या पोराचे मोठे डोळे सुंदर वाटले. सरकारला आपण नमुना, वृत्तपत्राला बातमी आणि कलावंताला रंगसंगती वाटलो. ह्या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. ज्याचा फोटो निघाला त्याला तो फोटो बहुधा कधीच पाहायला मिळाला नाही.

शहर आणि दलित जाणीव यांचे नाते मात्र जुने आहे. खेड्याविषयी बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत जे परखड मत मांडले ते आपल्याला ठाऊक आहे. गावकुसाबाहेरचा माणूस शहरात आला तो नुसत्या पोटासाठी आला नाही, निनावी होण्यासाठीही आला. परंतु जात त्याच्या आधीच शहरात येऊन बसलेली होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. बाबूराव बागुलांनी १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ह्या कथासंग्रहाला नावच असे दिले की शहराचे सारे आश्वासन त्यात उघडे पडावे. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने मुंबईच्या पोटातला एक भाग मराठी कवितेच्या तोंडावर आणून उभा केला. १९७८ साली दया पवारांच्या ‘बलुतं’मधून कावाखाना मराठी वाचकाच्या घरात शिरला. शहराचा हा नकाशा प्रस्थापित साहित्यात कुठेच नव्हता.

मग आपल्या साहित्याने शहर असे उलटेपालटे करून दाखवले तेव्हा आपले छायाचित्रण कुठे होते? उत्तर साधे आहे. लेखणीला आणि वहीला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात कॅमेरा येत नाही. रोल विकत घ्यायचा, तो धुवायचा, छपाईचे पैसे भरायचे, आणि एका रोलमध्ये छत्तीस फोटो. ज्या घरात महिन्याच्या अखेरीस रॉकेल उधार आणावे लागे तिथे चूक करून शिकण्याची चैन परवडणारी नव्हती. मोबाईल फोनने ही अडचण दूर केली. आज बोळातल्या पोराच्याही खिशात कॅमेरा आहे. परंतु कॅमेरा हातात आला म्हणजे नजर आपली झाली, असे समजण्याचे कारण नाही.

ह्याचा अनुभव मला माझ्याच एका विद्यार्थ्याने दिला. त्याने आपल्या वस्तीचे चाळीसएक फोटो काढून मला दाखवायला आणले. फोटो स्वच्छ होते, प्रकाशाची जाण होती. उघडे गटार, त्याच्या काठावर बसलेले कुत्रे, प्लास्टिकचे ढीग, निळ्या ताडपत्र्या, लांबवर उभे उंच टॉवर. चाळीस फोटोंत माणसे सातआठ, आणि तीही पाठमोरी. मी विचारले, “तुझे घर ह्यात कुठे आहे?” तो म्हणाला, “सर, घरात काय काढण्यासारखं आहे?” ज्या वस्तीत तो जन्मला, जिथल्या प्रत्येक दाराला तो हाक मारू शकतो, ती वस्ती त्याने लोकलच्या खिडकीतून पाहिल्यासारखी टिपली होती. दोष त्याचा नव्हता. वस्तीचा फोटो कसा असतो हे तो जिथून शिकला, तिथे तो असाच असतो.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. ह्या वेळी त्याने आईचा फोटो काढला होता. ती पहाटे झाडूकामाला निघताना, दारात वाकून चप्पल शोधताना. फोटो खरोखर चांगला होता. तो कुठल्या तरी स्पर्धेला पाठवायचा म्हणत होता. मी विचारले, “आईला दाखवलास?” त्याने दाखवला होता. आई म्हणाली होती, “कुणाला दाखवायचा असेल तर थांब, मी साडी बदलते.” हे सांगताना तो हसला. मला हसू आले नाही. त्या एका वाक्यात मला छायाचित्राच्या सगळ्या नीतिशास्त्राचा प्रश्न उभा राहिलेला दिसला. साडी बदलण्याचा हक्क आईला आहे की नाही? आणि तिने साडी बदलली तर फोटोतले सत्य कमी होते की वाढते? नव्या छायाचित्रकारांच्या कामाकडे मी ह्या प्रश्नावरून पाहतो.

आपल्याकडे ह्या वाटेने आधी गेलेले एक नाव सुधारक ओलवे यांचे आहे. अकोल्याकडून आलेल्या, मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीत वाढलेल्या ह्या छायाचित्रकाराने मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल चित्रण वर्षानुवर्षे केले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या ह्या मालिकेत मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस आहे, कचऱ्याच्या गाड्या आहेत, हातमोज्यांवाचून चाललेले काम आहे. परंतु तेवढेच नाही. त्यात कामगारांची घरे आहेत, दारूने पोखरलेले संसार आहेत, नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच जागी झाडू हातात घेणाऱ्या विधवा आहेत. मुंबईचे दृश्य म्हणून आपल्याला समुद्र, व्हिक्टोरिया टर्मिनस आणि पावसातली लोकल दाखवली जाते. ओलव्यांनी त्या मुंबईच्या खालची मुंबई वर काढली. शहर स्वच्छ दिसते ते कोणाच्या अंगावरून, हे त्यांनी दाखवले.

तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे, आणि ती ओलव्यांपेक्षा आपल्या, म्हणजे पाहणाऱ्यांच्या बाबतीत अधिक खरी आहे. मी वर्गात ह्या मालिकेविषयी बोलतो तेव्हा मुलांना मॅनहोलमधला माणूस आठवतो. घरातली बाई आठवत नाही. गळ्यापर्यंत काळ्या पाण्यात बुडालेला माणूस आपल्याला हादरवतो, आणि हादरून आपण मोकळे होतो. घरात बसलेली बाई आपल्याकडे पाहत असते. तिच्यापुढून सहज निघून जाता येत नाही. म्हणून ह्या मालिकेतली घरातली चित्रे मला अधिक मोलाची वाटतात.

अमेरिकेतल्या काळ्या छायाचित्रकारांनी हा प्रश्न आपल्या आधी सोडवायला घेतला होता. आपल्या चळवळीने काळ्यांच्या साहित्याशी नाते जोडले, दलित पँथर हे नाव तिथूनच आले. परंतु त्यांच्या छायाचित्रांकडे आपण फारसे पाहिले नाही. गॉर्डन पार्क्स यांनी १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये एला वॉटसन ह्या सरकारी कचेरीतल्या झाडूवालीचा फोटो काढला. मागे अमेरिकेचा ध्वज, दोन बाजूंना झाडू आणि पोछा, मध्ये ती ताठ उभी. ‘अमेरिकन गॉथिक’ हे नाव त्यांनी ग्रँट वुडच्या १९३० सालच्या प्रसिद्ध चित्रावरून उचलले, आणि गोऱ्या शेतकरी कुटुंबाच्या त्या चित्राला एका काळ्या बाईच्या झाडूने उत्तर दिले. हा फोटो जगभर गेला. परंतु पार्क्स तिथे थांबले नाहीत. ते तिच्या घरी गेले, तिच्या नातवंडांत बसले, तिच्या चर्चमध्ये गेले, आणि तिच्या आयुष्याचे कितीतरी फोटो काढले. ध्वजासमोरची एला वॉटसन निषेध आहे; नातवंडांतली एला वॉटसन माणूस आहे. निषेधाला माणसाचा आधार नसेल तर ते भित्तिपत्रक होते. पार्क्स यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘अ चॉइस ऑफ वेपन्स’ असे नाव दिले. कॅमेरा हे त्यांनी निवडलेले शस्त्र होते. शस्त्र निवडणाऱ्याने ते कोणाच्या दिशेला धरले आहे हेही पाहायचे असते.

ह्याच परंपरेत आजची एक छायाचित्रकार आहे, लाटोया रुबी फ्रेझियर. तिचा जन्म १९८२ चा. त्याच साली इकडे मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव उद्ध्वस्त होण्याची सुरुवात झाली. ती जन्मली ते पेनसिल्व्हेनियातले ब्रॅडॉक हेही गिरणगावच, पोलादाचे. अँड्र्यू कार्नेगीने १८७५ मध्ये तिथे पोलादाचा कारखाना सुरू केला आणि १८८९ मध्ये वाचनालय बांधले. पुढे पोलादाचा धंदा बसला, गोरी माणसे निघून गेली, मागे राहिली ती बहुतांशी गरीब काळी कुटुंबे आणि हवेतले विष. फ्रेझियरने आपली आजी, आई आणि स्वतः अशा तीन पिढ्यांच्या बायकांचे फोटो बारा-तेरा वर्षे काढले. २०१४ साली ‘द नोशन ऑफ फॅमिली’ ह्या पुस्तकात ते प्रसिद्ध झाले.

ह्या पुस्तकाची रचना आपल्या तरुणांनी मुद्दाम अभ्यासावी. एका पानावर आजीच्या खोलीतल्या बाहुल्या, दुसऱ्यावर ओसाड रस्ता. एकीकडे आईच्या अंगावरच्या शस्त्रक्रियेच्या खुणा, दुसरीकडे पाडले जाणारे रुग्णालय. गावातले ते रुग्णालय २०१० साली बंद झाले. आईचा देह आणि गावाचा देह ती शेजारी शेजारी ठेवते. वेगळे भाष्य करावे लागत नाही. ह्यालाच मी खरे नगरचित्र म्हणतो. आपल्या समीक्षेत ‘वैयक्तिक’ आणि ‘सामाजिक’ असे दोन कप्पे करण्याची एक जुनी खोड आहे. दलित आत्मकथने आली तेव्हा ‘हे तर खाजगी रडगाणे’ असे म्हणणारे समीक्षक होतेच. परंतु ज्याच्या घराची भिंत कारखान्याच्या धुराने काळी होते, त्याच्या भिंतीत खाजगी काय उरते? आपले घर दाखवले की शहराचा कारभार आपोआप दिसतो.

ह्या पुस्तकातली दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. फ्रेझियरची आई नुसती फोटोत बसत नाही. ती फोटो काढतेही. कुठे उभे राहायचे, काय दाखवायचे, हे आई आणि मुलगी मिळून ठरवतात. माझ्या विद्यार्थ्याच्या आईने साडी बदलण्याचा जो हक्क मागितला, तो ह्या आईने पूर्णपणे वापरला आहे. म्हणूनच तिच्या आजाराचे चित्र पाहताना आपण चोरून पाहतो आहोत असे वाटत नाही. तिने आपल्याला आत बोलावलेले असते.

आपल्या देशातही अशी कामे होऊ लागली आहेत. मदुराईकडचा एम. पलनी कुमार हा एका मासळी विकणाऱ्या बाईचा मुलगा. त्याने कर्ज काढून पहिला कॅमेरा घेतला. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर दिव्या भारती यांनी केलेल्या ‘कक्कूस’ (२०१७) ह्या तमिळ माहितीपटाचे छायाचित्रण त्याने केले. गटारात मेलेल्या कामगारांच्या कुटुंबांचे फोटो त्याने पुढेही काढले. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’साठी तो काम करतो आणि २०२२ साली दयानिता सिंग यांच्या नावाचा पहिला छायाचित्रण पुरस्कार त्याला मिळाला.

गटारातल्या मृत्यूंचे कागद आपल्याकडे पुष्कळ आहेत. हाताने मैला साफ करण्याच्या कामास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. कागदावर मेलेला माणूस ही रक्कम असते. पलनी कुमारच्या फोटोंत तो कोणाचा तरी नवरा, कोणाचा तरी बाप असतो, कारण त्याच्या मागे राहिलेली माणसे तिथे असतात. परंतु मला त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम वाटते ते त्याच्या आईवरचे. पहाटेच्याही आधी, दिव्यांच्या उजेडात, मदुराईच्या घाऊक मासळी बाजारात जाणारी, टोपल्या भरणारी, भाव करणारी आई त्याने टिपली आहे. हे मदुराईचे नगरचित्रच आहे. फक्त त्यात मीनाक्षीच्या मंदिराची गोपुरे नाहीत. शहर जागे होण्यापूर्वी जी माणसे शहर उभे करतात, त्यांचा हा उजेड आहे. असा फोटो बाहेरून आलेल्या माणसालाही काढता येईल. पण आई किती वाजता उठते हे माहीत असणे आणि तिच्याबरोबर इतकी वर्षे उठलेले असणे, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पलनी कुमार एवढ्यावर थांबलेला नाही. चेन्नईतल्या श्रमिक घरांतल्या मुलांना तो छायाचित्रण शिकवतो. उत्तर चेन्नई म्हणजे बंदर, औष्णिक वीज केंद्रे, राख आणि तेल यांचा प्रदेश. तमिळ चित्रपटांनी त्याला बरीच वर्षे गुंडांचा मुलूख म्हणून रंगवले. त्या भागातल्या तरुणांनी टिपलेल्या आपल्या परिसराचे प्रदर्शन त्याने मांडून दाखवले. साहित्यात आपण संमेलने भरवली, नियतकालिके काढली, एका लेखकाने दुसऱ्या लेखकाला हात दिला. छायाचित्रणात हे आता सुरू होते आहे. तमिळनाडूतल्याच वाडीपट्टीचा दलित छायाचित्रकार जयसिंग नागेश्वरन याने कोरोनाच्या टाळेबंदीत आपल्या गावी आपल्या कुटुंबाचे चित्रण केले, त्याला ‘आय फील लाइक अ फिश’ असे नाव दिले. त्याची आजी शिक्षिका होती. तिने शाळा चालवली. अशा घरातल्या मुलांचे हसणे-खेळणे, पाण्यात डुंबणे त्याच्या फोटोंत येते. दलिताच्या घरातला आनंद हाही एक राजकीय पुरावा असतो, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आता काही आक्षेप विचारात घेऊ. पहिला आक्षेप असा की, आईला साडी बदलू दिली तर आपले वास्तव गुळगुळीत होईल. अत्याचाराचे, मृत्यूचे फोटो मग कोणी काढायचेच नाहीत काय? काढायचे. परंतु निर्णय कोणाचा, हा मुद्दा आहे. १९५५ साली अमेरिकेत मिसिसिपी राज्यात एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हालहाल करून मारले. त्याचा विद्रूप झालेला चेहरा जगाने पाहावा म्हणून शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय त्याच्या आईने, मेमी टिल यांनी घेतला. तो फोटो ‘जेट’ ह्या काळ्यांच्या नियतकालिकात छापला गेला आणि नागरी हक्कांच्या लढ्यात एक पिढी त्यामुळे पेटून उठली. तो फोटो भयंकर आहे. पण तो आईने दिलेला आहे. आज आपल्याकडे अत्याचारपीडितांचे देह कोणीही मोबाईलवर टिपतो आणि दुसऱ्या क्षणी ते गावभर फिरतात. मेलेल्या मुलीच्या आईला विचारायला कोणी जात नाही. ह्याला कोणी चळवळ म्हणत असेल तर मी ते मान्य करणार नाही.

दुसरा आक्षेप तरुणांचाच आहे आणि तो रास्त आहे. ते विचारतात, “आम्ही फक्त गटार आणि झाडूच टिपायचा का? पाऊस, समुद्र, प्रेम, रात्रीचे दिवे हे आमचे नाहीत का?” आहेतच. दलित लेखकाने फक्त दुःख लिहावे अशी अपेक्षा जसा प्रस्थापित वाचक ठेवतो, तशीच दलित छायाचित्रकाराने फक्त दैन्य दाखवावे अशी अपेक्षा गॅलऱ्या ठेवतात. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेल्या रॉय डीकॅराव्हा याने १९५५ साली कवी लँगस्टन ह्यूज यांच्याबरोबर ‘द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ’ हे पुस्तक काढले. त्यात हार्लेमची घरे आहेत, स्वयंपाकघरे आहेत, नाच आहे, बापाच्या मांडीवरचे मूल आहे. हे सारे शहर आमचे आहे, त्यातल्या सुखासकट आमचे आहे, असा तो दावा होता. मरीन ड्राइव्हवर बसलेल्या आपल्या मुलामुलींचा फोटोही असा दावा होऊ शकतो.

डीकॅराव्हाचे नाव निघाले म्हणून तंत्राविषयी एक गोष्ट. त्याचे फोटो गडद असतात. काळोखातल्या काळ्या चेहऱ्याला उजळ करण्यासाठी तो धडपडत नाही. करड्या-काळ्या रंगाच्या असंख्य छटांत तो चेहरा सावकाश दिसू देतो. रंगीत फिल्म बनवणाऱ्या कंपन्या अनेक वर्षे गोऱ्या बाईच्या फोटोवरून रंगांचे प्रमाण ठरवीत असत, त्यामुळे काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर नीट उमटत नसत. आजचे मोबाईलही पुष्कळदा न विचारता आपल्याला उजळवतात. माझ्या वडिलांच्या अंगावर कोट चढवणारा स्टुडिओवाला आता यंत्रात जाऊन बसला आहे. तरुणांनी ही सोय बंद करून आपल्या माणसांच्या रंगाचे मोजमाप स्वतः करायला शिकावे. सावळ्या चेहऱ्यावर प्रकाश कसा ठरतो हे आपल्या घरात जेवढे शिकता येईल तेवढे कुठल्याही शाळेत येणार नाही.

शेवटचा प्रश्न, फोटो जातो कुठे? गॅलरीत गेला तर वाईट नाही. तिथेही आपली जागा आहे आणि ती मागून घेतलीच पाहिजे. परंतु ज्या वस्तीतून फोटो निघाला त्या वस्तीत तो परत येतो की नाही, ही माझी कसोटी आहे. आपल्याकडे त्यासाठी जागा आहेत. वस्तीवस्तीत बुद्धविहार आहेत. १४ एप्रिलचा मंडप आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा लाखोंचा समुदाय शिवाजी पार्कवर पुस्तके घेतो, तसबिरी घेतो. एका दोरीला चिमटे लावून वीस फोटो टांगायला फार पैसे लागत नाहीत. प्रत्येक फोटोमागे माणसाचे नाव, वस्तीचे नाव, तारीख लिहावी. ज्याचा फोटो आहे त्याला एक प्रत द्यावी. त्याने नको म्हटले तर तो फोटो काढून ठेवावा. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी जुन्या पेट्यांतले फोटो गोळा करून ठेवावेत. वस्त्या पाडल्या जात आहेत, चाळींच्या जागी टॉवर उठत आहेत. पुढच्या वीस वर्षांत आपण कुठे राहत होतो हे सांगायला आपल्याजवळ हेच उरेल.

माझ्या विद्यार्थ्याने तो पहाटेचा फोटो स्पर्धेला पाठवला नाही. त्याने आईचा दुसरा फोटो काढला. तिने साडी बदलली होती, केस विंचरले होते, आणि ती कॅमेऱ्याकडे रोखून पाहत होती. मागे भिंतीला टेकवलेला झाडू तसाच होता, तो हलवू का, असे त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, “राहू दे, तो पण आपलाच आहे.” आता ते दोन्ही फोटो तिच्या घरात शेजारी शेजारी लावलेले आहेत. पहिला तिने नंतर स्वतःच मागून घेतला. दोन्ही खरे आहेत असे तिचे म्हणणे आहे.

मी त्या घरी गेलो तेव्हा मला माझ्या वडिलांचा खाकी सदरा आठवला. तो पुसायचा की ठेवायचा, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.